अनुराधातला मधला तारा पुस्तकापेक्षा मोठा दिसून राहिला. तारा खरंच बदलते का?

जागलकर_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. हरभऱ्याला घाटे धरले की रात्री वावरात जागलीला जावं लागते, नाहीतर रानडुकरं अन् रोही एका रात्रीत अर्धं वावर आडवं करतात. मचानावर बसल्या बसल्या आभाळ पाहायची सवय लागली. नक्षत्रं आमच्या आबानं शिकवली, ती पावसाच्या हिशेबानं. मृग, आर्द्रा, हस्त वगैरे. बाकीची मी शाळेतून आणलेल्या एका जुन्या तारकापुस्तकावरून ओळखली.

सध्या पहाटे तीननंतर आग्नेयेला अनुराधाचे तीन तारे वर येतात. त्यांच्या खालून थोड्या वेळानं लाल ज्येष्ठा येते. पुस्तकातल्या नकाशात या तिघांपैकी मधला अन् डावीकडचा (उभा नकाशा धरला तर सगळ्यात वरचा) जवळपास सारख्याच ठिपक्यांचे दाखवले आहेत. मला मात्र मधला साफ मोठा दिसते. थोडाथोडका नाही. धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला काही न सांगता विचारलं की यातला मोठा कोणता, तर त्यानंही लगेच मधल्यावर बोट ठेवलं. मागच्या हंगामातही असंच होतं.

माझे प्रश्न असे. पुस्तक चुकलं असंल का? का तारा खरंच वाढला? तारे लाखो वर्षं तसेच राहतात असं ऐकलं होतं, मंग माणसाच्या आयुष्यात दिसावा इतका फरक पडतेच कसा? अन् दुर्बीण नसलेल्या माणसाला यात काही कामाचं करता येते का? जाणकारांनी सांगावं.

अंबाझरी_काठ

दादा, मला वाटतं हा हवेचा परिणाम असावा. जानेवारीत पहाटे जमिनीलगत धुकं असतं, कुठं पऱ्हाटी जाळल्याचा धूर असतो. क्षितिजाजवळचा तारा अशा जाड हवेतून दिसतो, म्हणून मंद होतो आणि लालसर पडतो. एक तारा थोडा खाली, दुसरा थोडा वर असला की तेजात फरक वाटतो. तीन-चार तासांनी तारे वर आल्यावर पुन्हा पाहा. त्याच वेळेला तुमच्याकडे उजाडत असेल, ही अडचण आहे. मे महिन्यात रात्री अकराला पाहिलं तर खरं काय ते कळेल.

मास्तरीण_चिमूर

जागलकर भाऊ, तुमचं पुस्तक छापलं तेव्हा बरोबर होतं आणि तुमचे डोळेही बरोबर आहेत. तारा बदलला आहे.

अंबाझरी यांचा मुद्दा एरवी बरोबर आहे, पण इथं तो लागू पडत नाही. अनुराधाची ओळ उगवताना जवळजवळ आडवी असते. तिन्ही तारे जवळपास एकाच उंचीवर, म्हणून धूर-धुकं जे काही कापेल ते तिघांचं सारखंच कापेल. मे महिन्यात हीच ओळ दक्षिणेला उभी होते, तेव्हा वरच्या-खालच्यात सुमारे सहा अंशांचा फरक येतो, पण तेव्हा ती आपल्याकडून चाळीस अंशांच्या वर असते आणि तिथं हवा फारसा फरक पाडत नाही. दोन्ही वेळी मधला मोठा दिसला तर तो हवेमुळे नाही.

या मधल्या ताऱ्याला नकाशावर वृश्चिकेचा डेल्टा म्हणतात. वरचा बीटा, खालचा पाय (ही ग्रीक अक्षरांची नावं). तेज मोजायची जी ‘प्रत’ असते तिच्यात आकडा लहान तितका तारा तेजस्वी. जुन्या तक्त्यांत डेल्टा २.३, बीटा साधारण अडीच, पाय २.९. म्हणजे वरच्यात आणि मधल्यात नजरेला जेमतेम जाणवेल एवढाच फरक. तुमच्या नकाशात ठिपके सारखे आहेत ते त्यामुळेच.

पुढं २००० साली जून-जुलैच्या सुमारास अर्जेंटिनातल्या सेबास्टियन ओटेरो या हौशी निरीक्षकाला डेल्टा नेहमीपेक्षा किंचित तेजस्वी वाटला. हे त्यानं नुसत्या डोळ्यांनी टिपलं, आणि फरक होता एका प्रतीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास! हा माणूस तारे एकमेकांशी इतक्या काळजीनं ताडून पाहत होता, म्हणूनच त्याला ते दिसलं. त्यानं सांगितल्यावर दुर्बिणींनी ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, घेतला, आणि त्यात हायड्रोजनची लाल रेषा उजळलेली निघाली, म्हणजे ताऱ्याभोवती वायू असल्याची खूण. पुढच्या दोन-तीन वर्षांत तारा १.६ पर्यंत चढला. २.३ वरून १.६ म्हणजे प्रकाश जवळजवळ दुप्पट. २००५ मध्ये तो बराच उतरला, मग पुन्हा चढला. तेव्हापासून त्याचं हे चढणं-उतरणं वर्षावर्षांच्या चालीनं सुरूच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, की हे होतं कसं. तारे लाखो वर्षं तसेच राहतात हे आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यांपुरतं बरोबर आहे. डेल्टा वेगळ्या जातीचा आहे. सूर्याच्या दहापटीहून जास्त वजनाचा, पृष्ठभाग पंचवीस हजार अंशांच्याही वर तापलेला (सूर्याचा साडेपाच हजार), आणि वयानं अगदी कोवळा. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा, तर हा कोटी वर्षांच्या आसपासचा. ज्या वायूच्या ढगातून वृश्चिकेच्या डोक्याकडचे बरेच निळे तारे जन्मले त्याच पिढीतला हा. असे तारे स्वतःभोवती भयंकर वेगानं फिरतात. सूर्याला एका फेरीला साधारण २५ दिवस लागतात, यांना एखादा दिवस किंवा त्याहूनही कमी. या वेगानं ताऱ्याचा पोटाकडचा भाग फुगतो आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जेमतेम पुरं पडतं. त्यातच ताऱ्याचा पृष्ठभाग सतत थरथरत असतो. या दोहोंच्या जोरावर पोटाकडचा वायू अधूनमधून सुटतो. तो दूर उडून जात नाही, ताऱ्याभोवती चकतीसारखा फिरत राहतो.

ही चकतीच सगळा खेळ करते. ताऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ती शोषते आणि त्यातला काही दिसणाऱ्या प्रकाशात परत सोडते. आपण त्या चकतीकडे तिरकं पाहतो, चकती ताऱ्याला झाकत नाही, म्हणून तिचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशात भर घालतो. वायूचा पुरवठा वाढला की चकती दाट होते आणि तारा चढतो. पुरवठा आटला की चकती वर्ष-दोन वर्षांत विरते आणि तारा उतरतो. म्हणजे तारा आहे तेवढाच आहे, त्याच्याभोवतीचं सामान कमी-जास्त होतं. अशा ताऱ्यांना ‘बीई’ तारे म्हणतात.

दुसरं एक. डेल्टाला एक जोडीदार आहे. तो फार लांबट कक्षेत फिरतो, एका फेरीला सुमारे पावणेअकरा वर्षं लागतात, आणि त्या फेरीत थोडेच दिवस तो मुख्य ताऱ्याच्या अगदी जवळ येतो. २००० च्या सप्टेंबरात असा जवळ आला होता, म्हणजे तेज वाढू लागल्यानंतर लगेचच. त्यामुळे पुष्कळांना वाटलं की जोडीदारानंच ओढून वायू बाहेर काढला. मग २०११ च्या जुलैत तो परत आला तेव्हा जगभरच्या दुर्बिणी तिकडे लागल्या, पण अपेक्षेइतकी उलथापालथ दिसली नाही. माझं मत असं की जोडीदाराला फार श्रेय देऊ नये. चकती तारा स्वतःच बनवतो, जोडीदार फार तर तिच्या कडेला धक्का देत असेल.

तुम्ही पाहता तो प्रकाश साडेचारशे ते पाचशे वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा आमच्या चांद्याला गोंड राजांचं राज्य होतं. आज जी चकती दिसते ती त्या काळातली. हे मी वर्गात सांगत असे तेव्हा पोरं हटकून विचारत, मग आता तिथं काय चालू आहे? सांगणार काय! आणखी पाचशे वर्षांनी कळेल एवढंच म्हणता येई.

जागलकर_दारव्हा

मॅडम, तुम्ही एवढं समजावून सांगितलं, मनापासून आभार. उत्तर काल रात्री मचानावरच वाचलं अन् मोबाईल खिशात टाकून तासभर त्या ताऱ्याकडंच पाहत होतो.

आता दुरून पाहण्यापेक्षा काही करावंसं वाटते. पण तुम्ही म्हणता १.६ अन् २.३, हे आकडे माणूस डोळ्यानं काढते कसे? अन् माझ्यासारख्यानं काढले तर ते कोणाच्या कामाचे? एवढ्या मोठ्या दुर्बिणी आहेत जगात, त्यांना हा तारा रोज दिसतच असंल ना?

मास्तरीण_चिमूर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथंच बहुतेक जण हात टेकतात.

मोठ्या दुर्बिणी अशा ताऱ्याचा वर्णपट घेतात, पण त्याचं तेज रोज मोजत नाहीत. आजकाल रोज रात्री सगळं आभाळ टिपणारे जे कॅमेरे आहेत ते मंद तारे शोधण्यासाठी बनवले आहेत. डेल्टाएवढा तेजस्वी तारा त्यांच्या चित्रात नुसता पांढरा डाग होतो, त्याचं तेज मोजता येत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या तेजस्वी ताऱ्यांची वर्षानुवर्षांची नोंद आजही बरीचशी हौशी माणसांच्या वह्यांवर आणि साध्या कॅमेऱ्यांवर उभी आहे. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली ‘आव्सो’ नावाची संस्था जगभरातून अशा नोंदी गोळा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. आपल्याकडे जेसोरच्या (आता बांगलादेशात) खजिना कचेरीत काम करणारे राधागोविंद चंद्र होऊन गेले. १८७८ चा जन्म. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळेची नोकरी नाही. त्यांनी रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या सदतीस हजारांच्या वर नोंदी या संस्थेला पाठवल्या. संस्थेनं त्यांना वापरायला सहा इंची दुर्बीण समुद्रापारहून पाठवली होती. खेड्यातल्या माणसाचं कोण ऐकणार, हा विचार मनात आला की मी त्यांची आठवण काढते.

आणि भाऊ, तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या निरीक्षकांकडे नाही. लोक आभाळ पाहतात ते संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. वृश्चिक संध्याकाळी दिसते मे ते सप्टेंबर, आणि त्यातले जूनपासूनचे चार महिने आपल्याकडे पावसाचे. नोव्हेंबर अखेर आणि डिसेंबरात सूर्यच त्या भागात असतो. म्हणजे जानेवारी ते मार्चच्या नोंदी फक्त पहाटे जागणाऱ्याच्या हाती लागतात. तुम्ही तर रोज जागेच असता!

आता पद्धत. बैलांची जोडी जमवताना टेप न लावता नजरेनं उंची पारखतात ना, तशीच ही पारख आहे. डेल्टापेक्षा थोडा तेजस्वी एक तारा आणि थोडा मंद एक तारा घ्यायचा, दोघांचे आकडे ठाऊक असलेले. मग डेल्टा त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठं बसतो ते ठरवायचं. समजा एक २.० चा आहे आणि दुसरा २.५ चा, आणि डेल्टा तेजस्वीकडून दोन हिस्से, मंदाकडून तीन हिस्से दूर वाटला, तर २.२ लिहायचं. एवढंच.

मंदाकडचा तारा म्हणून वरचा बीटा धरा, साधारण अडीच. तेजस्वीकडचा म्हणून धनूतला सिग्मा, साधारण २, म्हणजे आपल्या उत्तराषाढातला ठळक तारा. तो जानेवारीत फार खाली असतो, फेब्रुवारी सरता सरता कामाचा होतो. विंचवाच्या नांगीतला मूळ नक्षत्राचा मुख्य तारा १.६ चा आहे, आणि शेपटीच्या वळणावरचा थीटा १.९ चा, पण हे दोघे दक्षिणेला खूप खाली, आपल्याकडून पंचवीस-तीस अंशांच्या आसपासच चढतात. मे महिन्यात लू वाहून धुरळा भरलेला असतो तेव्हा ते खऱ्यापेक्षा मंद दिसतात, मग डेल्टा उगाच तेजस्वी ठरतो. ते वापरायचेच तर डेल्टाही तितकाच खाली असताना, तो कलायला लागल्यावर वापरा.

ज्येष्ठाशी मात्र तुलना करू नका. एक तर ती स्वतःच ०.६ ते १.६ च्या दरम्यान बदलत असते. दुसरं म्हणजे लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की डोळ्याला तो हळूहळू मोठा वाटायला लागतो. लाल-निळ्याची तुलना डोळ्याला नीट जमत नाही.

बॅटरी लावायची असेल तर तिच्यावर लाल कापड बांधा, आणि मोबाईल पाहिल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटं थांबा. आमच्या गावात आता चौकात उंच खांबावर पांढरा दिवा आलाय. भारनियमनाच्या वर्षांत आठ-आठ तास वीज नसायची, तेव्हा आभाळ कसं स्वच्छ दिसे! आता मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहून पाहते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कालचा आकडा पाहून आजचा लिहू नका. वहीचं पान उलटून ठेवा. मन फार लवकर कालच्याला चिकटतं, आणि मग तारा बदलला तरी वहीत तो तसाच राहतो.

मोहफूल_गडचिरोली

ताई, तुमची माहिती वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे मार्च-एप्रिलात मोह वेचायला बाया चार वाजताच निघतात, उजाडेपर्यंत टोपली भरली पाहिजे. आई, मामी सगळ्या जातात, मी कॉलेजच्या सुट्टीत जाते. त्या वेळी विंचू पूर्ण उभा असतो, दक्षिणेला, नांगीसकट. जंगलात एकही दिवा नाही. मला आजवर वाटायचं यात पाहण्यासारखं असतं ते फक्त लाल ज्येष्ठा. मीही नोंद करू शकते का? झाडाखालून तारे अर्धेच दिसतात.

मास्तरीण_चिमूर

बाळा, जरूर कर. मार्चअखेरीस पहाटे चारच्या सुमारास अनुराधा दक्षिणेला सगळ्यात उंचावर असते, म्हणजे मी वर जे हवेचं रडगाणं गायलं ते तुला लागूच नाही. सिग्माही तोवर चांगला वर आलेला असतो. मोकळी जागा पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. अस्वलाचं भान ठेव, मोहाच्या दिवसांत तीही तिथंच येतात. एकटी बाजूला जाऊ नकोस.

अमरावती_कॅमेरा

ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे त्यांच्यासाठी जोड देतो. साधी ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड, आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि तारा जळत नाही. रॉ फाइल घ्यायची, त्यातला हिरवा रंग तेवढा मोजायचा, कारण तोच डोळ्यांच्या प्रतीला सगळ्यात जवळचा. एकाच चित्रात बीटा, डेल्टा, पाय तिन्ही मावतात. मी असं करतो. पण डोळ्यांच्या नोंदी बंद करू नका, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींशी जोडायच्या तर त्याच पद्धतीच्या लागतात.

आणि डिसेंबरात अनुराधा नसते तेव्हा शर्मिष्ठेकडे वळा. तिच्या आकृतीतला मधला तारा, गॅमा, याच जातीचा. १८६६ साली इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी त्याच्याच वर्णपटात हायड्रोजनची उजळ रेषा पहिल्यांदा पाहिली, या जातीची ओळखच तिथून झाली. १९३७ मध्ये तो १.६ च्या आसपास चढला आणि १९४० पर्यंत तिसऱ्या प्रतीइतका उतरला. आता दुसऱ्या प्रतीच्या आसपास असतो. तुलनेला त्याच आकृतीतले अल्फा २.२, बीटा २.३ आणि डेल्टा २.७ हाताशीच आहेत, धनूपर्यंत मान वळवायला नको.

जागलकर_दारव्हा

शर्मिष्ठा संध्याकाळीच दिसते, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांतही जमंल. नोंद ठेवतो.

मास्तरीण ताई, एक हिशेब करून पाहिला, बरोबर आहे का सांगा. जोडीदार २०११ च्या जुलैत आला, त्यात पावणेअकरा वर्षं मिळवली तर २०२२ चा एप्रिल-मे येते. अजून तेवढीच मिळवली तर २०३३ ची सुरुवात. म्हणजे ऐन हरभऱ्याची जागल!

मास्तरीण_चिमूर

हिशेब बरोबर. २०३३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तो जवळून जाईल, आणि तेव्हा अनुराधा पहाटेच दिसेल. संध्याकाळी पाहणाऱ्यांना तो काळ मिळणारच नाही. जवळ येण्याच्या आधीची काही वर्षं तारा कसा होता हे ठाऊक नसेल तर तेव्हाच्या आकड्यांना अर्थ नाही, म्हणून आत्तापासूनच्या नोंदी लागतील. आठवड्यातून दोन झाल्या तरी चालतील, पण सोडू नका.

चंद्राचं लक्षात ठेवा. अनुराधा त्याच्या वाटेवरच आहे, दर महिन्याला तो डेल्टाच्या जवळून जातो. तो वृश्चिकेत असेल त्या दोन-तीन रात्री नोंद घेऊ नका. मंगळ, शनी त्या भागात आले तर त्यांना चुकून तुलनेचा तारा समजू नका.

नोंद पाठवताना वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. तुमची पहाटे चारची नोंद आदल्या रात्रीच्या साडेदहाची होईल आणि तारीखही एक दिवस मागं जाईल. वहीत दोन्ही वेळा लिहून ठेवा.